कावळे जिथे सूर मारत होते

"काही नाही," देशकर साहेब दुर्बिणीवरून डोळा काढत म्हणाले. "नुसते दगड आहेत."

त्यांच्यामागे सात अधिकारी रांगेत उभे होते आणि सगळ्यांच्या मागे मी. तिपाईवरची ती मोठी दुर्बीण दरीच्या पूर्वेकडच्या कड्यावर रोखलेली होती. ऑस्ट्रियातल्या एका राष्ट्रीय उद्यानातली ती दरी. जुलै महिना, सकाळचे साडेनऊ, तरी डोंगरमाथ्यावर बर्फ. तीन दिवस दाटलेलं धुकं त्याच सकाळी उठलं होतं आणि ऊन इतकं लख्ख पडलं होतं की समोरच्या उतारावरची मेंढरं मोजता यावीत.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि गडचिरोली जिल्ह्यात वनरक्षक होते, गिधाडांना मेलेली ढोरं घालायचं एक केंद्र सांभाळायचे. आमच्या खात्याने नऊ जणांची तुकडी ऑस्ट्रियातली राष्ट्रीय उद्यानं बघायला पाठवली होती. त्यात एक जागा रोज जंगलात पायी फिरणाऱ्या वनरक्षकासाठी राखीव होती. ती मेश्राम काकांना मिळाली होती. त्यांचा पाय मोडला आणि यादीतलं पुढचं नाव माझं निघालं, दुर्पता कोवे.

विमानतळावर देशकर साहेबांनी मला बाजूला घेतलं होतं. ते उपवनसंरक्षक, तुकडीचे प्रमुख.

"कोवे, तिथे आपण राज्यातर्फे जातोय," ते म्हणाले. "कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि तुकडी सोडून कुठे जायचं नाही. कळलं?"

"हो साहेब."

ते रागाने नव्हते बोलले. नऊ माणसं परदेशात नेऊन परत आणायची, याची त्यांना काळजी होती. आणि मी त्यांचं ऐकलंही. पहिलं उद्यान मोठ्या नदीकाठचं होतं, तिथे प्राण्यांनी दातांनी कुरतडून पाडलेली झाडं बघितली. दुसऱ्यात पांढऱ्या खडकाच्या घळईतून फिरलो. दोन्हीकडे मी आमच्या नकाशांची गुंडाळी काखेत धरून मागे चालत राहिले आणि चार दिवसांत कोणाशी दहा वाक्यं बोलले नसेन. बोलले असेन तर बोरकुटे मॅडमशी. त्या आमच्या भागातल्या वनक्षेत्रपाल, इंग्रजी चांगलं, मला ओळखणाऱ्या एकट्याच.

हे तिसरं उद्यान होतं. इथे आम्हाला दाढीवालं गिधाड दाखवणार होते.

पण गिधाडच हरवलं होतं. तिथली रेंजर हॅना पन्नाशीची, उन्हाने रापलेली, लांब ढांगा टाकत चालणारी बाई होती. तिने जे सांगितलं ते बोरकुटे मॅडमनी मला हळू आवाजात मराठीत सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी या डोंगरांतून हे गिधाड संपलं, लोकांनी मारून टाकलं. आता पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं दर उन्हाळ्यात कड्यावरच्या कपारीत आणून ठेवतात, महिनाभर लांबून खाऊ घालतात, मग ती आपली आपण उडतात. यंदाची मादी, नाव आल्मा. चार दिवसांपूर्वी ती पहिल्यांदा उडाली आणि पूर्वेच्या कड्यामागे गेली. मग धुकं आलं. तिच्या पाठीवरचं यंत्र उन्हावर चालतं, ते बंद पडलं.

"गेल्या वर्षीचं पिल्लू मेलं," मॅडम म्हणाल्या. "हिला चार दिवस पोटात काही नाही. आज सापडली नाही तर संपलं, असं म्हणतेय ती."

पूर्वेच्या कड्यावर सहा माणसं सकाळपासून शोधत होती. लांबून त्यांचे लाल टोप्यांचे ठिपके हलताना दिसायचे. हॅनाच्या हातातल्या वायरलेसवर दर दहा मिनिटांनी कोणीतरी दोन शब्द बोलायचं आणि तिचा चेहरा तसाच राहायचा.

रांग पुढे सरकत नव्हती म्हणून मी मागे वळले आणि पश्चिमेचा उतार बघू लागले. तिकडे कोणीच बघत नव्हतं.

तिथे कावळे होते. आपल्याकडच्यापेक्षा बरेच मोठे, काळेकुट्ट डोंगरकावळे. एका सुळक्याच्या खाली, बुटक्या पाइनच्या झुडपांचा हिरवा पट्टा होता तिथे ते एकामागून एक सूर मारत होते. खाली जायचे, जमिनीला टेकायच्या आत वळायचे, वर यायचे, ओरडायचे आणि पुन्हा खाली. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. जागा एकच.

माझा बाप गावाची ढोरं चारायचा. ढोर हरवलं की तो आधी आभाळाकडे बघायचा. मला खांद्यावर घेऊन त्याने शिकवलं होतं, "दुर्पे, कावळे गप बसले असतील तर खाली मेलेलं आहे. कावळे बसत नसतील तर खाली जितं आहे आणि ते कावळ्याहून मोठं आहे."

मी मॅडमजवळ गेले. "मॅडम, ती त्या बाजूला नाही. इकडे आहे."

"कोण?"

"गिधाड."

त्यांनी कावळ्यांकडे बघितलं, मग देशकर साहेबांकडे. "अगं, त्यांची माणसं इथलीच आहेत. त्यांना कळत नसेल का?"

"त्यांची माणसं तिकडे बघतायत. शेवटचं ती तिकडे दिसली म्हणून."

"दुर्पता, अकराला आपली बस आहे. दुपारी साहेबांचं भाषण आहे."

"तुम्ही तिला फक्त सांगा. नाही म्हणाली तर मी गप बसते."

मॅडम हॅनाकडे गेल्या. बोलणं झालं. हॅनाने माझ्याकडे बघितलं, पश्चिमेकडे बघितलं, मान हलवली आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतेय, तिथे वसंतात दरड कोसळली होती. मेलेलं हरीण असेल. कावळे त्याच्यावर असतील."

"मग ते बसत का नाहीत?" मी विचारलं. "मेलेल्यावर बसून खातात. हे बसत नाहीत. वीस मिनिटं झाली, एकानेही पाय टेकला नाही. त्यांना कशाचीतरी भीती आहे आणि त्यांना ते तिथून हाकलायचंही आहे."

मॅडम हे सांगत असताना मी हाताचा कावळा करून सूर मारून दाखवत होते. अधिकारी माझ्याकडे वळून बघू लागले होते. हॅना हसली नाही. तिने दुर्बिणीपुढच्या साहेबांना बाजूला व्हायला सांगितलं, ती उचलून पश्चिमेकडे फिरवली आणि बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. झुडपांच्या आत तिला काही दिसलं नसावं. पण कावळे ती मोजत होती, ओठ हलताना मला दिसले.

मग तिने पाठीवर पिशवी चढवली, बोटाने माझ्याकडे खूण केली आणि इंग्रजीत एकच शब्द बोलली. तो मलाही कळला. "ये."

"कोवे," देशकर साहेबांचा आवाज आला. "कुठे चाललात?"

"वर, साहेब. त्या मॅडम बोलावतायत."

"इथे वाट सोडून पाय टाकायला बंदी आहे. तुम्ही घसरलात, काही झालं, तर उत्तर मला द्यायचंय. खाली थांबा."

बोरकुटे मॅडम मध्ये पडल्या. "साहेब, रेंजर सोबत आहे. तीच नेतेय."

"बस अकराला सुटणार. जी व्यक्ती बसमध्ये नसेल तिच्याबद्दल मला लिहावं लागेल." ते माझ्याकडे वळले. "आणि तुमच्या केंद्राचा कागद माझ्या टेबलावर आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. केंद्र राहणार की बंद होणार, चार दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. मी नकाशांची गुंडाळी त्यांच्या हातात दिली, कारण ती ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि हॅनाच्या मागे निघाले.

पहिला अर्धा तास वाट होती. नंतर हॅनाने वाट सोडली आणि उतार सरळ अंगावर आला. गवत ओलं होतं, त्याखाली सुटे दगड. मी रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणारी बाई, पण आमचं जंगल बरंचसं सपाट. इथे तासाभरात छातीत धाप मावेना आणि पोटऱ्या थरथरू लागल्या. हॅना दर पन्नास पावलांवर मागे बघायची. मी हात वर करायचे, ती पुढे व्हायची. एकदा माझ्या पायाखालचा दगड निसटला, मी हातभर घसरले आणि गवताची जुडी धरून थांबले. दगड खूप वेळ खाली गडगडत जात होता. हॅनाने परत येऊन माझा बूट हाताने धरला आणि एका खाचेत नीट ठेवला. मग दुसरा. जणू चालायला शिकवत होती. त्यानंतर मी तिच्याच पावलांत पाय ठेवत गेले.

बस सुटायची वेळ झाली तेव्हा आम्ही अर्ध्या उतारावर होतो. मी खाली वळून बघितलं नाही.

वायरलेस खरखरला. मराठी ऐकून मी दचकले. बोरकुटे मॅडम होत्या, खालच्या माणसाकडून दुसरा संच घेऊन बोलत होत्या.

"दुर्पता, मी दुर्बिणीपाशी आहे. कावळे तुमच्या वर, थोडे डावीकडे. हॅनाला मी सांगते. झुडपांच्या वरून जा, खालून नको. खालून गेलात तर ती घाबरून दरडीकडे पळेल, असं इथले म्हणतायत."

"बस गेली का?"

संच हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग देशकर साहेबांचा आवाज आला. "बस थांबवलीय. तुम्ही पायाकडे बघा."

आम्ही वळसा घालून झुडपांच्या वरच्या अंगाला गेलो. कावळे आमच्याकडे बघून ओरडत उंच गेले. एकदम शांत झालं. हॅनाने मला बसायची खूण केली आणि आम्ही दोघी पोटावर सरपटत पाइनच्या फांद्या बाजूला सारत खाली सरकलो.

ती तिथे होती.

दोन खडकांच्या मधल्या खळग्यात, पंख अर्धवट उघडे, एक पंख झुडपाच्या दुबेळक्यात अडकलेला. अंगाने आमच्या गावच्या मोठ्या कोंबड्याच्या चौपट. काळपट पिसं, त्यावर ओळखीसाठी रंग काढून केलेले पांढरे पट्टे. डोक्यावर कावळ्यांच्या चोचींचे ओरखडे. तिने मान वळवून आमच्याकडे बघितलं. डोळ्याभोवती लाल कडं. जिवंत होती.

हॅनाचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिने ते इतकं घट्ट दाबलं की दुसऱ्या दिवशीही वळ होता. मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं.

पुढचं मला येत होतं. सागावरून पडलेलं गिधाडाचं एक पिल्लू मी काही वर्षांपूर्वी धरलं होतं. मी अंगातलं जाकीट काढलं, मागून गेले आणि एका झटक्यात तिच्या डोक्यावर टाकलं. अंधार झाला की गिधाड गप होतं. मग दोन्ही पंख अंगाशी मिटवून तिला छातीशी धरलं. पाच-सहा किलो वजन, पण सगळं हाडांचं आणि उन्हात तापलेल्या पिसांचं, आणि त्याच्या आत काळीज भराभर वाजणारं. हॅनाने दुबेळक्यातला पंख सोडवला, हाडं बोटांनी चाचपली. तिने मान डोलावली. मोडलं नव्हतं काही.

मग वायरलेसवर बरंच बोलणं झालं. त्यांचा पशुवैद्य लांबच्या गावात होता. तो विचारायचा, हॅना तपासून सांगायची. शेवटी ठरलं की तिला तिथेच पाणी पाजायचं, खाऊ घालायचं, पाठीवर नवीन यंत्र बसवायचं आणि सुळक्यावर नेऊन ठेवायचं. वारा खालून वर येत होता. उडाली तर उडाली, नाही तर संध्याकाळी पेटीत घालून न्यायची.

हॅनाच्या पिशवीत मेंढीची हाडं होती. आल्माने बोटभर लांब हाड जसंच्या तसं गिळलं. मग दुसरं. मी अशी हाडं गिळताना गिधाड कधी बघितलं नव्हतं. आमची मांस खातात.

आम्ही तिला सुळक्याच्या सपाट माथ्यावर ठेवलं, जाकीट काढून घेतलं आणि वीस पावलं मागे येऊन खडकाआड बसलो. ती जागची हलली नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. हॅनाने पावाचा तुकडा मोडून मला दिला आणि वायरलेसमध्ये काहीतरी विचारलं. मॅडमचा आवाज आला.

"दुर्पता, ती विचारतेय, तुमच्याकडे रोज किती गिधाडं येतात? एवढं तुला कसं माहीत?"

मी वायरलेस तोंडाशी धरला. खाली देशकर साहेब ऐकत असणार, हे मला माहीत होतं.

"सांगा तिला," मी म्हटलं, "एकही येत नाही."

"दुर्पता..."

"खरं तेच सांगा, मॅडम. माझ्या केंद्रावर सव्वीस महिने एकही गिधाड उतरलेलं नाही. मी आठवड्यातून दोनदा मेलेलं ढोर ओढून नेते, गिधाडांना मारणारं औषध त्यात नाही ना ते तपासून टाकते, लपणात बसते. कावळे येतात, कुत्री येतात. गावची माणसं हसतात. सव्वीस महिन्यांत मी बघितलेलं पहिलं गिधाड म्हणजे हे."

मॅडमनी ते सांगितलं. हॅनाने ऐकलं, माझ्याकडे बघितलं नाही. तिने एक बोट वर केलं आणि बोलत गेली. मॅडम मागून मराठी करत गेल्या.

"ती म्हणतेय, पहिलं पिल्लू सोडल्यापासून इथे रानात पहिलं अंडं फुटायला अकरा वर्षं लागली. त्या अकरा वर्षांत तिलाही लोक हसायचे. तिचा नवरासुद्धा."

मला हसू आलं. हॅनाही हसली. तोंडावर हात धरून, आल्मा घाबरू नये म्हणून.

नंतर काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मागे काही राहणार नाही. देशकर साहेबांच्या टेबलावरचा कागद माझं केंद्र बंद करून मला रोपवाटिकेत पाठवण्याचा होता. तो त्यांनी परत आल्यावर माझ्यासमोर फाडला वगैरे काही नाही, तशातले ते नव्हेत. त्यांनी त्यावर लिहिलं, "आणखी तीन वर्षे चालू ठेवावे. प्रत्यक्ष पाहणी करून." आणि खरोखरच पाहणीला आले, लपणात माझ्याशेजारी चार तास डास मारत बसले, एकही गिधाड दिसलं नाही, तरी सही करून गेले. दुसऱ्या वर्षाच्या माघात तीन उतरली. पांढऱ्या पाठीची, मोठी. मी ओरडले नाही, हाताचा अंगठा दातात धरून बसले. आज आमच्या सागांवर चौदा घरटी आहेत. मी वनपाल आहे. हॅना निवृत्त झाली, पण दर उन्हाळ्यात तिच्या कड्यांचा एक फोटो पाठवते.

पण त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही दोघी खडकाआड पाव खात होतो, मला जाकिटाशिवाय थंडी वाजत होती आणि वीस पावलांवर आल्मा दगडासारखी बसून होती.

चाळीसेक मिनिटं झाली असतील. उन्हाने दरी तापली आणि वारा वाढला. गवत एका अंगाला आडवं पडायला लागलं. आल्माने मान वर केली. तिने एक पंख उघडला, अडकलेला होता तो, आणि तसाच धरून ठेवला, दुखतंय का ते बघत असावी. मग दुसरा. नऊ फुटांचे पंख उघडून ती वाऱ्यात उभी राहिली, पिसांची टोकं फडफडत होती.

"बसू नको," मी माझ्या भाषेत पुटपुटले. "आता बसू नको."

ती कडेपर्यंत चालत गेली. तीन पावलं. आणि पुढे झुकून नाहीशी झाली.

हॅना उठून धावली, मीही. कडेवर पोचलो तेव्हा खाली काहीच दिसेना, नुसती दरी आणि तळाला पांढरी रेघ पाण्याची. वायरलेसमध्ये कोणी बोलत नव्हतं.

मग ती उजवीकडून आली. आमच्या पायांच्या खालून, पंख न हलवता, वाऱ्यावर तरंगत. मी लहानपणापासून गिधाडं बघितली होती, बापाच्या खांद्यावरून बघितली होती, पण नेहमी खालून. पोट आणि पंखांचा काळा आकार, एवढंच. आज पहिल्यांदा माझ्या खाली गिधाड उडत होतं आणि मला त्याची पाठ दिसत होती. रुंद, काळपट, पांढऱ्या पट्ट्यांची, मधोमध नवीन यंत्र उन्हात चमकत असलेलं.

वायरलेसमध्ये एकदम गलका झाला, टाळ्या, तिकडची भाषा, इकडची भाषा. त्यातून देशकर साहेबांचा आवाज वर आला.

"कोवे, दिसतेय. आम्हाला खालून दिसतेय."

"मला वरून दिसतेय, साहेब," मी म्हटलं.

तिने एक फेरी मारली, मग दुसरी, थोडी मोठी. तिसऱ्या फेरीला ती आमच्या उंचीला आली, डोळ्यांसमोरून गेली आणि वर चढत गेली. हॅनाने माझा खांदा धरला. आम्ही दोघींनी एकाच वेळी माना मागे टाकल्या आणि ती बर्फाच्या माथ्यावरून पलीकडे जाईपर्यंत तशाच उभ्या राहिलो.